लेखांक ५ : दोन मॉस्कोविट्झ, एक आकडा

ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ साली ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. पण आडनाव मिळालं म्हणून वंशावळ शोधणाऱ्याचं काम सोपं झालं नाही. तेच घराणं पोलिश दप्तरात एका तऱ्हेने लिहिलेलं, रशियन दप्तरात वेगळ्याच लिपीत आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर तिसऱ्याच स्पेलिंगने. मग या तीन नोंदी एकाच माणसाच्या की तिघांच्या?

अमेरिकेत यासाठी १९१८ पासून ‘साउंडेक्स’ ही पद्धत होती. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. घडवली होती ती इंग्रजी कानाला धरून. मॉस्कोविट्झ ‘डब्ल्यू’ने लिहिलं तर एम२३२ आणि ‘व्ही’ने लिहिलं तर एम२१३, कारण साउंडेक्स डब्ल्यू सोडूनच देतं. जर्मन माणूस त्याचा उच्चार ‘व’ करतो, हे तिच्या गावीही नाही.

१९८५ च्या सुमारास गॅरी मोकोटॉफ ब्रिटिश अंमलातल्या पॅलेस्टाईनमध्ये कायद्याने नाव बदललेल्या सुमारे २८ हजार लोकांची सूची करत होते. तिथे हे फारच जाचायला लागलं. त्यांनी आणि रँडी डेच यांनी नवे नियम बसवले. पहिल्या अक्षरालाही आकडा. डब्ल्यू, व्ही दोघांना ७. ‘टीझेड’ या जोडीला मिळून ४. आता दोन्ही मॉस्कोविट्झ ६४५७४०. एखाद्या अक्षराचे दोन उच्चार संभवत असतील, तर त्या नावाला दोन संकेतांक.

हे काम विद्यापीठाबाहेर, हौसेने झालं. आजोबा-पणजोबा शोधणाऱ्यांकडे प्राध्यापक मंडळी जरा नाक मुरडूनच पाहत. माझ्या मते, या विषयाला शास्त्राचा पाया इथेच मिळाला. कारण लिहून ठेवलेला नियम कुणालाही तपासता येतो, खोडता येतो. ज्यू वंशावळीला विद्याशाखेचा मान मिळवण्यासाठी जेरुसलेममध्ये स्वतंत्र संस्था निघाली, ती २००६ साली.

कोकणात मात्र हे आकडे तोकडे पडतात. इथल्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल असतात. कुठला संकेतांक ही जोडी जुळवणार? शिवाय पेणकर, रोहेकर ही गावावरून पडलेली आडनावं. दोन पेणकर नात्यातले असतीलच असं कुणी सांगावं?

याची झळ पुढे खरोखरच बसली. इस्रायलच्या प्रमुख रब्बींनी १९६२ साली आदेश काढला, की बेने इस्रायली वधूवरांच्या आई-आजीचं कूळ शक्य तितकं मागे जाऊन तपासावं. ज्या घरांत कूळ तोंडीच सांगितलं जाई, त्यांनी पुरावा कुठून आणायचा? १९६४ साली लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे आदेशातून ‘बेने इस्रायल’ हा उल्लेख गेला.

पुढच्या आठवड्यात : थडग्यावर कोरलेल्या दोन हातांवरून कूळ कसं ओळखतात?