जेरुसलेमकडे तोंड करून: सिनेगॉगची वास्तुकथा

ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, बाहेरून कसे दिसावे याचे धर्माने ठाम नियम घातलेले नाहीत. आत मात्र दोन गोष्टी लागतातच: तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे पवित्र कपाट आणि तोरा वाचण्याचा चौथरा. कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्यांना हेखाल आणि तेबा म्हणतात. कपाट जेरुसलेमच्या दिशेला असते. चौथरा कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या नव्याने सोडवला गेला.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. सिनेगॉग आधीही होते, पण पुढे तेच धर्मजीवनाचे केंद्र बनले. सीरियातील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉग 244-45 सालचे. तोरासाठीचा कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत आहे आणि भिंती बायबलमधल्या प्रसंगांच्या रंगचित्रांनी भरलेल्या आहेत. इराणच्या सासानी साम्राज्याच्या आक्रमणाच्या धास्तीने नगराचा तट भक्कम करताना ही इमारत मातीने भरून टाकली गेली, म्हणूनच चित्रे वाचली. ती 1932 मध्ये उजेडात आली आणि ज्यू धर्माला चित्रांचे वावडे असल्याची समजूत मोडून पडली.

प्रागचे आल्टनॉय सिनेगॉग तेराव्या शतकातले, गॉथिक शैलीचे. पायऱ्या उतरून आत जावे लागते. दोन खांबांच्या मधोमध चौथरा. स्त्रिया शेजारच्या दालनात बसून भिंतीतल्या अरुंद फटींतून प्रार्थना ऐकत. पोलंडमध्ये पुढे चौथऱ्याभोवतीच्या चार खांबांवर छताचा भार तोलला गेला. धर्मविधी आणि बांधकाम यांचा इतका सुंदर मेळ क्वचितच दिसतो. तिथली रंगीत छतांची लाकडी सिनेगॉग मात्र नाझींनी जाळली.

ॲम्स्टरडॅममध्ये 1675 साली उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज सिनेगॉगमध्ये कपाट एका टोकाला आणि चौथरा दुसऱ्या टोकाकडे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील ज्यूंना नागरी हक्क मिळू लागले, तशी सिनेगॉग रस्त्यावर दिमाखाने उभी राहिली. 1859 चे बुडापेस्टचे दोहानी सिनेगॉग मूरिश धाटणीचे आहे. सुधारकांनी याच काळात चौथरा कपाटाजवळ नेला.

भारतात तो मध्यभागीच राहिला. समाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचे शहरातले पहिले सिनेगॉग स्थापन केले. पुण्याचे ओहेल डेव्हिड, म्हणजे लाल देऊळ, 1867 मध्ये पूर्ण झाले. उंच मनोऱ्यामुळे बाहेरून ते इंग्रजी चर्चसारखे भासते; आत तेबा मध्यभागी आहे.