बायकांच्या नावाचा गड

जर्मनी देशाच्या दक्षिण भागात वाइन्सबर्ग नावाचे छोटे गाव आहे. वस्ती बारा हजारांच्या आसपास. भोवती टेकड्या आणि उतारावर द्राक्षांचे मळे. गावाला लागून एका टेकडीवर जुना, पडका गड आहे. लोक त्याला 'वायबरट्रॉय' म्हणतात. म्हणजे 'बायकांची निष्ठा'. असे नाव का बरे पडले? ती हकीकत आम्ही सांगतो.

सन ११४० ची गोष्ट. तिसरा कॉनराड हा तेव्हा जर्मनीचा राजा होता. वेल्फ नावाच्या बड्या घराण्याशी त्याचे वैर होते. हा गड वेल्फांचा. राजाने गडाला वेढा दिला. वेल्फांची फौज मदतीला धावली, पण तिचा मोड झाला. डिसेंबरात गडावरचे लोक शरण आले.

राजाने बायकांना सवलत दिली. बायकांनी खुशाल निघून जावे. जिला जेवढे खांद्यावरून नेता येईल, तेवढे तिने न्यावे. पुरुषांना मात्र मोकळीक नव्हती.

आता बायका काय नेतील? दागिने? कपडालत्ता? छे! एकेक बाई आपल्या नवऱ्याला पाठीवर घेऊन गड उतरू लागली!

राजाचा भाऊ फ्रेडरिक याने हरकत घेतली. पण राजाला बायकांची हुशारी आवडली. राजाने दिलेला शब्द फिरवू नये, असे तो म्हणाला. पुरुषांचे प्राण वाचले.

कोलोन शहराच्या जुन्या बखरीत ही हकीकत आहे. ती काही वर्षांनी लिहिलेली. सारे असेच घडले का, यावर विद्वानांत वाद आहे.

पुढे १५२५ साली जमीनदारांच्या जाचाला कंटाळून शेतकरी उठले. त्यांनी गड घेतला आणि जाळला. तेव्हापासून तो पडकाच आहे. लोक त्याचे दगड नेऊ लागले. तेव्हा १८२३ च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या गावच्या डॉक्टरांनी बायकांची मंडळी उभी केली आणि उरलेला गड राखला. बायकांच्या नावाचा गड बायकांनीच सांभाळला!

मंडळी, त्या बायकांजवळ हत्यार नव्हते. त्यांनी बोलीचा शब्द न् शब्द नीट ऐकला, एवढेच. आपल्यापुढे कोणी कागद ठेवला, तर आपणही तसेच करावे. आधी प्रत्येक शब्द वाचावा, मगच सही करावी.