चढता की उतरता?

आषाढ-श्रावणात नृसिंहवाडीच्या माणसाला फोन केला, की ख्यालीखुशालीच्या आधी पाण्याची चौकशी होते. पाणी कुठवर आलंय? पायऱ्या किती उरल्या? आणि मग खरा प्रश्न : दक्षिणद्वार कधी? चढता की उतरता?

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि पश्चिमेकडून येणारी पंचगंगा यांच्या बेचक्यात ही वाडी आहे. कागदोपत्री नृसिंहवाडी, बोलण्यात नरसोबाची वाडी, आणि दत्तभक्तांच्या तोंडी नुसती ‘वाडी’. कृष्णेच्या घाटावर औदुंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत. त्यांना ‘मनोहर पादुका’ म्हणतात. औदुंबर या क्षेत्रीच्या त्या ‘विमल’ आणि गाणगापूरच्या ‘निर्गुण’. मुख्य गाभाऱ्यात मूर्ती नाही. चांदीच्या महिरपीतून डोकावून जे दिसतं ते पाऊलखुणांचं दर्शन. देव येऊन गेला आणि तरीही गेला नाही, या एका कल्पनेवर हे अख्खं क्षेत्र उभं आहे.

देऊळही देवळासारखं दिसत नाही. शिखर नाही. याची कथा वाडीत कुणीही सांगेल : विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथल्या कृपेने परत आली आणि बादशहाने हे मंदिर बांधवून दिलं, म्हणून त्याची ठेवण अशी. कथेचा इतिहास किती आणि भक्ती किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. गावाला ही कथा लपवावीशी वाटत नाही, उलट ती कौतुकाने सांगितली जाते.

बाकीच्या कथा गुरुचरित्रातल्या. दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती स्वामी इथे बारा वर्षं राहिले अशी परंपरा आहे. समोरच्या काठावरच्या अमरापुरात, म्हणजे आजच्या औरवाडला, ते भिक्षेला जात. एका गरीब ब्राह्मणाच्या घरी दुसरं काही नव्हतं, म्हणून घेवड्याच्या शेंगांची भाजी वाढली गेली. स्वामींनी जाताना दारातला वेलच उपटला. बाईने कपाळावर हात मारला, कारण रोजचं पोट त्या वेलावर होतं. नवऱ्याने मुळं काढायला खणलं तर खाली द्रव्याने भरलेला हंडा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला हंड्यापेक्षा त्या बाईचा संताप जास्त पटायचा, अजूनही पटतो.

दुसरी कथा चौसष्ट योगिनींची. त्या भर दुपारी नदीतून वर येत आणि स्वामींना पाण्याखालच्या आपल्या स्थानी पूजेला, भिक्षेला नेत. गंगानुज नावाच्या एका माणसाने हे पाहिलं आणि तो मागोमाग गेला. पाणी दुभंगून वाट झाली, असं गुरुचरित्र सांगतं. पुढे स्वामी गाणगापूरला निघाले तेव्हा योगिनी व्याकूळ झाल्या. आपण औदुंबरात आहोतच, असं सांगून स्वामींनी त्यांची समजूत घातली. तो दिवस आश्विन वद्य द्वादशीचा, म्हणजे गुरुद्वादशीचा. पादुकांची पूजा आलासच्या भैरंभटांकडे सोपवली, आणि आजचे पुजारी आपली परंपरा त्यांच्यापासून सांगतात.

या सगळ्या कथांत नदी आहे. काठावर तर आहेच, पण देवाच्या घरात तिची ये-जा आहे. वाडीचं वेगळेपण मला इथे दिसतं. नदीकाठी देवळं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांनी पुराच्या पाण्यापासून देवाला उंचावर नेऊन बसवलं. वाडीने देवाला पाण्याच्या वाटेतच ठेवलं आणि पूर पूजाविधीत घेतला.

एरवीचा दिनक्रम ठरलेला असतो. पहाटे काकड आरती, मग पंचामृत अभिषेक, दुपारी महापूजा, त्यानंतर पवमानाचं पठण, सायंकाळी धूपारती, रात्री शेजारती. पालखी निघते तेव्हा थांबून थांबून पदं म्हणतात. ती ऐकायला पायऱ्यांवर बसावं, गर्दीत पुढे घुसू नये. पाणी वाढू लागलं, की मात्र वेळापत्रक नदीच्या हातात जातं.

घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात. पाणी मंडपात शिरतं. कृष्णा इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे पाणी उत्तरेच्या दाराने आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दारापाशी उभं राहून केलेलं स्नान म्हणजे थेट चरणतीर्थात स्नान. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी वाढताना झाला तर चढता, ओसरताना झाला तर उतरता. एका पावसाळ्यात तो अनेकदा होतो, आणि कमी पावसाच्या वर्षी लोक वाट बघत बसतात.

पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्यपूजा तिथे चालते. त्याहीवर आलं तर पुढचा मुक्काम टेंबेस्वामींच्या मठात. माणगावचे हे वासुदेवानंद सरस्वती १९१४ साली गेले. वाडीच्या उपासनेवर त्यांची छाप आजही आहे. देवाने केव्हा कुठे हलायचं हे इथे आधीच ठरलेलं असतं. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा शिरस्ता आहे.

माझा स्वतःचा एक दक्षिणद्वार हुकला. फोनवर ‘या लवकर’ ऐकून निघालो, वाटेत चहाला थांबलो. पोहोचेतो दाराची चौकट पाण्याखाली गेली होती आणि पोलिसांनी दोर बांधला होता. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी लांबूनच ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. “आता उतरत्याला या,” असं म्हणून त्या चालू लागल्या.

पण पाणी सोहळ्यापाशी थांबतंच असं नाही. शिरोळ तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या जातात. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी देवळावरून गावात शिरलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. त्या पुलाच्या खालच्या अंगाला वाडी. देवासाठी वरचा मठ असतो. गोठ्यातल्या म्हशीसाठी आणि उसासाठी अशी सोय कुणी केलेली नाही. आता दक्षिणद्वार कधी होणार हे पावसाइतकंच कोयनेच्या दरवाजांवर आणि खाली कर्नाटकात आलमट्टीत पाणी किती धरलंय यावरही अवलंबून असतं, असं गावातले लोक सांगतात. पाण्याच्या विसर्गाचे आकडे इथे पंचांगासारखे वाचले जातात. आणि पंचगंगा काय काय घेऊन येते, हे उन्हाळ्यात संगमावर उभं राहिलं की नाकालाच कळतं. ज्या पाण्याला तीर्थ म्हणायचं त्यात मैला सोडायचा, हा आपला दुटप्पीपणा देवाने किती दिवस पोटात घालावा?

कधी जायचं असेल तर पौर्णिमा आणि शनिवार टाळा. माघात, कृष्णावेणीच्या उत्सवाच्या सुमारास, पाणी निवळशंख असतं आणि घाटाच्या साऱ्या पायऱ्या उघड्या असतात. दर्शन झाल्यावर बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. पलीकडे कुरुंदवाडला संताजी घोरपड्यांची समाधी आहे, तिथे डोकं टेकून या. आणि दक्षिणद्वारच गाठायचा असेल, तर वाटेत चहाला थांबू नका.