परत येणारा शक्तिमान आणि आपल्या अपेक्षा

संपलेली एखादी मालिका पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली की चाहत्यांच्या मनात आनंद आणि धास्ती या दोन्ही गोष्टी एकदमच उभ्या राहतात. असे का होते, आणि परत येणाऱ्या मालिकेकडून चाहता नेमके काय मागत असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या वार्षिकांकात संतवाङ्मय, दुष्काळ, स्त्रीमुक्ती असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला शक्तिमानाला बसवणे काही प्राध्यापकांना रुचणार नाही. पण ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते अशा आमच्यासारख्या अनेकांची गोष्टींशी पहिली ओळख पडद्यावरच झाली, आणि ती कोणत्या गोष्टींशी झाली हा प्रश्न हलका नव्हे.

प्रथम थोडा इतिहास. विज्ञानातून स्फुरलेल्या गोष्टी मराठी वाचकाला नव्या नाहीत. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, हे सर्वश्रुत आहे. दूरचित्रवाणीवर मात्र हा प्रकार उशिरा आला आणि तुरळकच आला. 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', पुढे १९९८ साली मिलिंद सोमण यांची भूमिका असलेली 'कॅप्टन व्योम', अशी मोजकी नावे सांगता येतात. या सर्वांहून घराघरांत पोहोचला तो 'शक्तिमान'. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर तो सुरू झाला आणि मार्च २००५ मध्ये संपला. मुकेश खन्ना यांनी त्यात शक्तिमानाची व पंडित गंगाधर या बावळट छायाचित्रकाराची अशी दुहेरी भूमिका केली होती.

तो संपला खरा, पण गेला नाही. २०११ साली त्याची चित्रमालिका निघाली. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने मूळ भाग पुन्हा दाखवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने मोठ्या चित्रपटाची घोषणा केली. २०२५ साल उजाडले तरी तो पडद्यावर आलेला नव्हता. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द मुकेश खन्ना यांनी एक छोटी झलक प्रसिद्ध करून शक्तिमान परतत असल्याचे जाहीर केले. त्यावर काहींचे डोळे पाणावले, तर साठी ओलांडलेल्या नटाने तोच पोशाख पुन्हा घालावा काय, असे काहींनी विचारले. नव्या चित्रपटात ही भूमिका कोणी करावी यावरूनही जाहीर वाद झाला. एका काल्पनिक पात्रावरून एवढी चुरस का व्हावी? याचे उत्तर चाहत्यांच्या अपेक्षांत आहे. त्या अपेक्षा एकमेकींशी भांडणाऱ्या असतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आमच्याच घरचे उदाहरण घेते. आम्ही भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहतो. आई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला जाते. दादाने शक्तिमान लहानपणी पाहिला होता. मी तो २०२० साली, आठवीत असताना, टाळेबंदीत पाहिला. नवा शक्तिमान येणार म्हटल्यावर दादा म्हणाला, ''तोच माणूस पाहिजे, नाहीतर मी बघणार नाही.'' शेजारचा पाचवीतला मुलगा म्हणाला, ''ताई, त्याचं उडणं खोटं दिसतं. ते नीट करायला पाहिजे.'' आणि चौथीत शाळा सुटलेली माझी आई म्हणाली, ''असू दे तसाच. पण उपदेश जरा थोडक्यात कर म्हणावं.'' एका खोलीतच तीन चाहते आणि तीन मागण्या! निर्मात्याची पंचाईत यावरून कळावी.

दादाची अपेक्षा ही आठवणीची अपेक्षा होय. त्याला मालिका नको असते, त्या मालिकेसमोर मांडी घालून बसलेला आठ वर्षांचा दादा परत हवा असतो. ही मागणी कोणताही निर्माता पुरी करू शकत नाही. माझे मामा मालिकांच्या सेटवर सुतारकाम करतात. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, काशिमिऱ्याच्या परिसरात, मालिकांची चित्रीकरणे होत असतात. जुना सेट तसाच ठेवता येत नाही का, असे मी मामांना विचारले. ते हसले. ''अगं, सेट कसला ठेवतात! मालिका संपली की दोन दिवसांत पाडतात. चांगला प्लाय निघाला तर तो दुसऱ्या मालिकेतल्या सासूच्या दिवाणखान्याला लागतो.'' म्हणजे जी वास्तू आपल्या मनात चिरेबंदी उभी आहे, तिची लाकडेसुद्धा शिल्लक नसतात. परत येते ते सारे नव्यानेच उभारलेले असते.

मग चाहत्याने नवे स्वीकारायचे तरी कसे? येथे परदेशांतील दोन उदाहरणे उपयोगी पडतील. इंग्लंडमधील 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या नायकाची, विल्यम हार्टनेल यांची, प्रकृती ढासळली तेव्हा १९६६ साली लेखकांनी एक युक्ती काढली: नायक हा परग्रहावरचा असल्यामुळे तो मरणाच्या दारी नवे शरीर धारण करतो. नट बदलला, पात्र तेच राहिले. १९८९ साली बंद पडलेली ही मालिका मार्च २००५ मध्ये, म्हणजे आपला शक्तिमान निरोप घेत होता त्याच महिन्यात, नव्या नटासह परतली आणि लोकांनी तिला उचलून धरले. चेहरा बदलण्याची सोय कथेतच असल्यामुळे चाहत्यांना तो बदल परका वाटला नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील 'स्टार ट्रेक'चे. ही मालिका १९६६ ते १९६९ अशी तीनच वर्षे चालली. मधे ती बंद होणार अशी वार्ता पसरली तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिला आणखी एक वर्ष मिळाले. तिचा खरा प्रेक्षक मात्र पुढे पुनःप्रक्षेपणांतून वाढला. १९७९ साली चित्रपट आला आणि १९८७ साली, कथेतील काळ सुमारे शतकभर पुढे नेऊन, सर्वस्वी नवी पात्रे असलेली मालिका निघाली. जुन्यांची जागा नव्यांनी बळकावली नाही. जुने जग तेथेच ठेवून त्याचा नकाशा वाढवला.

या दोहोंवरून दुसरी अपेक्षा स्पष्ट होते, ती सुसंगतीची. चाहता बदलाला तितकासा भीत नाही, तो भितो बेइमानीला. शक्तिमानातच पाहा. गीता विश्वास या वार्ताहराची भूमिका आरंभी किटू गिडवानी करीत होत्या, पुढे ती वैष्णवी महंत यांनी केली. प्रेक्षकांनी हा बदल पचवला, कारण गीता गीताच राहिली. उद्या शक्तिमानाचा चेहरा बदलेल, पण तो अपशब्द बोलू लागला किंवा दुबळ्याला पाहून पुढे निघून गेला, तर मात्र लाखो रुपयांची दृश्ये घालूनही तो शक्तिमान राहणार नाही. चेहऱ्यापेक्षा शील महत्त्वाचे, हा चाहत्यांचा अलिखित नियम दिसतो.

तिसरी अपेक्षा नावीन्याची, आणि ती केवळ उडण्याच्या दृश्यांपुरती नसावी. मूळ मालिकेत योगसाधनेतून मिळालेली शक्ती आणि डॉक्टर जॅकालचे प्रयोगशाळेतले उद्योग एकाच पातेल्यात शिजत होते. मनोरंजन म्हणून ते रुचकर होते. परंतु त्यात शास्त्रज्ञ तेवढा दुष्ट आणि चमत्कार तेवढा पवित्र, अशी समजूत मुलांची होऊ शकते. शिवाय शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळी वर्तमानपत्रांत आल्या होत्या, आणि असे करू नका हे मुलांना पडद्यावरून सांगावे लागले होते. म्हणून नव्या शक्तिमानाने एखादा चांगला शास्त्रज्ञही सोबत आणावा, आणि प्रश्न विचारणारे मूल हे संकटात सापडलेल्या मुलाइतकेच महत्त्वाचे मानावे, असे वाटते.

येथे माझी एक खाजगी मागणी नोंदवते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. लिहिणे हे ज्या बाईचे काम आहे, ज्यासाठी तिला पगार मिळतो, अशी बाई मी प्रथम पाहिली ती गीता विश्वास. आमच्या चाळीत अशी कोणी नव्हती. आज मी बी.ए.ला मराठी घेतले आहे त्याच्या मुळाशी आणखीही कारणे आहेत, पण हे एक आहे. परंतु तिला दर दोन-चार भागांनी कोणीतरी पळवून न्यायचे आणि शक्तिमानाने सोडवून आणायचे, याचा मला तेव्हाही राग येई. नव्या गीतेने एकदा तरी स्वतःच्या बातमीने किल्विषाला उघडे पाडावे.

शेवटची अपेक्षा कोणी फारशी बोलून दाखवत नाही, पण मला ती सर्वांत मोठी वाटते. तो पाहायला मिळावा. जुना शक्तिमान पैसे न भरता दिसत असे. बंगल्यातले मूल आणि मिठागराच्या कडेचे मूल एकाच वेळी तोच भाग पाहत, आणि सोमवारी शाळेत दोघांना बोलायला विषय एकच असे, असे दादा सांगतो. अँटेनावरचे ते जुने प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे. मासिक वर्गणी नसलेली दूरदर्शनची फ्री डिश आहे, तिच्यामुळेच टाळेबंदीत आम्ही तो पाहू शकलो. उद्याचा शक्तिमान मात्र बहुधा चित्रपटगृहात किंवा वर्गणीच्या अ‍ॅपवर येईल. चार माणसांच्या तिकिटांचा हिशेब केला तर आईची एक दिवसाची मजुरी त्यात जाते. मोठ्या चित्रपटाला मोठा खर्च येतो आणि तो वसूल करावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकलो आहोत. तरीही दुबळ्यांच्या कैवाऱ्याला पाहण्यासाठी ऐपत लागावी, हे त्याच्या शीलाशी विसंगत आहे असेच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या हाती आहे. 'डॉक्टर हू'चे अनेक जुने भाग बी.बी.सी.ने फिती पुसून नष्ट केले होते. पण काही चाहत्यांनी प्रक्षेपणाच्या वेळी घरी ध्वनिमुद्रण करून ठेवले होते, त्यामुळे त्या हरवलेल्या भागांचा आवाज तरी आज ऐकता येतो. मालिका निर्मात्याच्या मालकीची असली तरी तिची राखण पुष्कळदा चाहताच करतो, तेव्हा त्याने अपेक्षा बाळगाव्यात यात गैर काही नाही. फक्त त्या नीट तपासून, जोखून मागाव्यात. पोशाखाच्या रंगावर भांडण्यापूर्वी, आपल्या गल्लीतल्या पोरांना हा नवा शक्तिमान कुठे आणि किती पैशांत दिसणार आहे, एवढे एकदा विचारावे.