अ‍ॅपमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग घालताय? मग हे वाचा
तुमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये फोटोची सोय आहे आणि आता व्हिडिओही हवाय? सरळ गूगलची कॅमेराएक्स लायब्ररी घ्या. कॅमेरा२ एपीआयशी झटापट करायची हौसच असेल, तर गोष्ट वेगळी! आवाजासाठी मायक्रोफोनची परवानगी वेगळी लागते. रेकॉर्डचं बटण दाबल्यावरच ती मागा. अ‍ॅप उघडताक्षणी मागितली की लोक बिचकतात.

खरी गंमत फाइलमध्ये आहे. एमपी४मध्ये चित्र आणि आवाज असतातच, शिवाय कुठली फ्रेम कुठे आहे हे सांगणारी एक सूची असते. ती साधारणपणे रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. त्याआधीच अ‍ॅप कोसळलं, तर भलीमोठी फाइल दिसते, पण उघडत नाही. म्हणून ‘थांबवा’ दाबल्याबरोबर अपलोड करायला धावू नका. कॅमेराएक्सचा ‘फायनलाइझ’ इव्हेंट येऊ द्या आणि त्यात एरर आहे का तेही बघा. वापरकर्ता मध्येच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेला, तरी साधारणपणे रेकॉर्डिंग थांबतं आणि हाच इव्हेंट येतो, एररसकट.

क्वालिटीचा मोह आवरा. सेकंदाला १० मेगाबिटचा बिटरेट म्हणजे मिनिटाला ७५ एमबी. अपलोड करताना हा डेटा वापरकर्त्याच्या पॅकमधून जातो, हो!

आणि आयफोनवाल्यांनो, माइक कशासाठी हवा याचा खुलासा इन्फो.प्लिस्टमध्ये नसेल, तर आयओएस परवानगी विचारतच नाही. अ‍ॅपच बंद पाडतं.