मनाला बसवण्याची रीत

कांद्याचा भाव पडला की डोळ्याला डोळा लागत नाही. अंग अंथरुणावर, मन मार्केटात. अशा मनाला एका जागी बसवणे म्हणजे ध्यान.

ध्यानाच्या रीती पुष्कळ. चांदवडला रेणुकामातेच्या देवळात कोणी जपमाळ ओढत बसते. माळेचे मणी १०८. एक मणी, एक नाव. पण हात माळेवर आणि लक्ष बाहेरच्या चपलांवर, हे काही ध्यान नव्हे!

दुसरी रीत विपश्यनेची. ब्रह्मदेशात जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी ती १९६९ पासून भारतात शिकवली. आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या धम्मगिरीवर, १९७६ पासून तिची शिबिरे होतात. शिबीर दहा दिवसांचे. फी नाही. पहाटे चारला उठायचे, कोणाशी बोलायचे नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. आत आला, बाहेर गेला. तो मुद्दाम लांबवायचा नाही. मन पळाले तर परत आणायचे. वासराला दावणीला आणतो तसे, न मारता. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगात काय जाणवते ते पाहायचे.

याने चिंता कमी होते, झोप सुधारते. काहींचा रक्तदाबही उतरतो, पण थोडाच बरं का! डॉक्टरांची गोळी बंद करू नका. मनाचा मोठा आजार असेल, तर त्यांना विचारूनच शिबिराला जा.

ध्यानाने कर्ज फिटत नाही. पण सोसायटीत बोलायला जाताना डोके ताळ्यावर राहते.

घरी रोज दहा मिनिटे बसा. मांडी जमत नसेल तर ओट्यावर पाय सोडून बसा. डुलकी आली, तर तोंड धुऊन पुन्हा बसा.