दूध किनाऱ्यावर, खाणं समुद्रात

हिंदी महासागराच्या दक्षिण भागात ॲमस्टरडॅम नावाचं फ्रेंच बेट आहे. तिथल्या फर सील मादीला बाळंतपणाची रजा जेमतेम आठवडाभराची. मग तिला पोटासाठी समुद्र गाठावाच लागतो. मासे लांब, त्यामुळे एकेका फेरीत दोन-तीन आठवडे सहज जातात. तोवर पिलू अंगावरच्या चरबीवर तग धरतं. आई परतली की काही दिवस पोटभर पाजते, पुन्हा निघते. असं सुमारे 10 महिने चालतं. अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जियात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, जवळ मिळतात. तिथल्या फर सीलच्या फेऱ्या चार-पाच दिवसांच्या, आणि पिलू चार महिन्यांत दूध सोडतं.

पिलाला इतके दिवस तग धरणं जमतं ते दुधामुळे. त्यात सुमारे 40 टक्के स्निग्धांश असतो. आपल्या म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के. त्याहून नवल म्हणजे, इतके दिवस पिलू अंगावर पीत नसूनही आईचं दूध आटत नाही. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आटलं असतं. फर सीलमध्ये दुग्धशर्करा बनवणारं एक प्रथिन निकामी आहे आणि न आटण्याचं कारण तेच असावं, असं शास्त्रज्ञ मानतात.

राहिला प्रश्न शेकडो पिलांतून आपलं शोधायचा. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पिलू दोन ते पाच दिवसांत आईचा आवाज ओळखायला शिकतं, आणि ते शिकेपर्यंत आई किनारा सोडत नाही. परतल्यावर ती हाका मारते, पिलू ओरडत धावतं. तरी ती आधी हुंगून खात्री करते. परकं पिलू लुचायला आलं, तर चावून हाकलते.